पायवाटेवरचे प्रश्न : मुलाबाळांसह गड, किनारा आणि रान

प्रश्न : मुलगी ६ वर्षांची, मुलगा १० वर्षांचा आणि सोबत ६८ वर्षांचे सासरे. त्यांचे गुडघे अधूनमधून दुखतात. डिसेंबरात एका दिवसात होईल असा पहिला गड कोणता निवडावा?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : लोहगड. लोकलने मळवलीला उतरून भाजे गावातून चालत जायची वाट सुरेख आहे, पण या खेपेला ती सोडा आणि गाडीने थेट लोहगडवाडीत जा. नाहीतर पायऱ्या सुरू व्हायच्या आधीच्या चढातच मुलगी थकते. मग गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा अशी एकामागून एक येणारी दरवाज्यांची नागमोडी रांग तिला कडेवरूनच बघावी लागते, आणि गडाची खरी गंमत तर तिथेच आहे.

चालत्या माणसाला वाडीपासून महादरवाजापर्यंत पाऊण तास पुरतो. तुम्ही दीड तास धरा. कुटुंबाचा वेळ नेहमी सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या पावलांनी मोजायचा, आणि त्यालाच पुढे ठेवायचं. मागे राहिलेलं मूल धापा टाकत पोचतं तोवर बाकीचे विश्रांती घेऊन निघालेले असतात. म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज सर्वांत जास्त, त्यालाच ती मिळत नाही. दर २० मिनिटांनी ५ मिनिटं सगळ्यांनी बसा. सकाळी साडेसातला पहिल्या पायरीवर असाल तर नऊला वर पोचाल आणि साडेअकराला उतरायला लागाल. विंचूकाटा ही गडाची लांब, निमुळती माची वरूनच दाखवा. तिकडे जायला कातळाचा एक अडचणीचा टप्पा उतरावा लागतो, तो या मंडळींसाठी नाही.

सासऱ्यांना त्रास होईल तो चढताना नव्हे, उतरताना. पायऱ्या उंच आणि कमीजास्त आहेत, आणि प्रत्येक पायरीला शरीराचा भार वाकलेल्या गुडघ्यावर येतो. काठी घ्याच. सपाटीवर उभं राहून ती धरली की कोपर काटकोनात यावं, एवढी तिची उंची हवी; उतारासाठी ५ सेंटीमीटर जास्त असली तर उत्तम. आधी काठी खालच्या पायरीवर टेकवायची, मग दुखरा पाय, मग चांगला. चढताना उलट, चांगला पाय आधी. पायरी फारच उंच असेल तर अंग बाजूला वळवून उतरावं.

पाणी मोठ्यांना प्रत्येकी २ लिटर, मुलांना १ लिटर. त्यातल्या एका लिटरमध्ये ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला, चमचा चहाचा. मीठ अंदाजाने टाकू नका. जास्त झालं तर मुलं पीत नाहीत आणि ते अपायकारकही ठरतं. मुलीच्या पाठीवरचं ओझं तिच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून कमी ठेवा. खाऊ पिशवीत तळाशी असू द्या, कारण प्लास्टिक कुरकुरलं की माकडं हजर होतात.

प्रश्न : अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं. मुलांना न्यायचं तर दिवस आणि वेळ कशी ठरवायची?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : कोकणातला जुना हिशोब आजही चालतो. पंचांगातली तिथी बघा आणि तिची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ. शुद्ध असो वा वद्य, चतुर्थी असेल तर ४ ची पाऊणपट ३. म्हणजे भरती पहाटे आणि दुपारी ३ च्या सुमारास. त्यात सव्वासहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी, सकाळी सव्वानऊला. या हिशोबात अर्ध्यापाऊण तासाची चूक येऊ शकते. म्हणून दिवस तिथीवरून ठरवा, पण निघण्याआधी नेमकी वेळ छापील किंवा मोबाइलवरच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात ताडून घ्या.

मुलांसाठी तृतीया ते पंचमी हे दिवस सर्वांत सोयीचे. पुनव-अवसेला उधाण असल्याने पाणी खूप मागे जातं खरं, पण ओहोटी येते सकाळी आणि संध्याकाळी ६ च्या आसपास. संध्याकाळी परत फिरेपर्यंत अंधार. अष्टमीला ओहोटी भरदुपारी येते, म्हणून अनेकजण तो दिवस धरतात. पण तेव्हा भांगाची भरती-ओहोटी असते. भरती फार चढत नाही तशी ओहोटीही पुरती लागत नाही, आणि मधल्या पट्ट्यात पाणी राहू शकतं. मोठ्यांच्या गुडघ्याएवढं पाणी लहान मुलाच्या मांडीपर्यंत येतं. अशा दिवशी घोडागाडी करा.

चतुर्थीचं उदाहरण पुढे नेऊ. सव्वाआठला किनारा सोडा, पावणेदहाला किल्ल्याबाहेर पडा, सव्वादहाच्या आत परत वाळूवर. आतलं गणपतीचं देऊळ, गोड्या पाण्याची पुष्करणी आणि तटावरची फेरी एवढ्या वेळात नीट होते.

घात होतो तो इथे : पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढाचे १२ भाग केले तर पहिल्या तासात १ भाग चढतो, दुसऱ्यात २, तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी ३, मग २ आणि शेवटी १. सुरुवातीच्या दोन तासांत पाणी जेमतेम पाव चढतं, म्हणून ‘अजून लांब आहे’ असं वाटून माणसं रेंगाळतात. पुढच्या दोन तासांत निम्मं पाणी येतं. उधाणाला भरती-ओहोटीत ४ मीटरच्या आसपास फरक पडतो. त्याचं निम्मं म्हणजे २ मीटर, उंच माणसाच्याही डोक्यावरून. शिवाय पाणी फक्त समोरून येत नाही. दोन्ही बाजूंनी वळून मधला सखल भाग आधी भरतं.

उशीर झालाच तर किल्ल्यातच थांबा. बोट मिळेल, नाही मिळाली तर पुढची सुकती म्हणजे ओहोटी येईलच. मुलाला खांद्यावर घेऊन पाण्यात उतरू नका, कृपा करा. आणि अनवाणी जाऊ नका. खडकांना चिकटलेल्या कालवांच्या शिंपल्या पात्यासारख्या कापतात. मागे पट्टा असलेल्या सँडल घाला.

प्रश्न : कर्नाळ्याच्या सुळक्यावर मधमाश्या असतात म्हणतात. ८ वर्षांच्या मुलाला न्यावं का?
— एक वाचक, पनवेल

उत्तर : अभयारण्यातल्या पायथ्याच्या निसर्गवाटांवर निर्धास्त न्या. किल्ल्यावर जायचं तर मूल सांगितलेलं ऐकतं का, हे तुम्हीच ठरवा. तिथली मोहळं आग्या माश्यांची. त्या स्वतःहून मागे लागत नाहीत; धूर, दगड, आरडाओरडा आणि उग्र अत्तर यांनी बिथरतात. त्या दिवशी कुणीही सेंट लावू नये, केसांना वासाचं तेलही नको. दगड मारणारं टोळकं वर दिसलं तर तिथूनच मागे फिरा, कारण त्यांनी उठवलेल्या माश्या तुम्हालाही सोडणार नाहीत.

माश्या उठल्याच तर मुलाचं डोकं-तोंड ओढणीने किंवा शर्टाने झाका आणि आलात त्या वाटेने, पाय सांभाळून, लांब निघून जा. हात झाडू नका. चिरडलेल्या माशीच्या आणि रुतलेल्या नांगीच्या वासाने बाकीच्या त्याच जागी येतात. सुरक्षित जागी पोचलात की नांगी नखाने खरवडून काढा. चिमटा शोधत बसू नका, कारण तुटलेल्या नांगीची विषाची पिशवी कातडीत विष सोडतच राहते. इथे रीतीपेक्षा वेग महत्त्वाचा. खूप डंख झाले, ओठ-डोळे सुजले, अंगभर गांध्या उठल्या, उलटी झाली किंवा श्वास घरघरला तर १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठा.

प्रश्न : माळ्यावर ठेवलेले चांगले बूट निम्म्या वाटेत सोलपासून सुटले. असं का झालं?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : बुटांचा मधला मऊ थर बहुधा पॉलीयुरेथेनचा असतो. वापरा, न वापरा, हवेतल्या ओलाव्याने तो काही वर्षांत आतून भुसभुशीत होतो. निघायच्या आठवडाभर आधी बूट हाताने वाकवून बघा. कडेला बारीक चिरा दिसल्या किंवा भुगा पडला तर ते नेऊ नका. पिशवीत दोन मीटर नाडी ठेवा. सुटलेला सोल चवड्याला आणि घोट्याला आठच्या आकड्यात बांधला की गावापर्यंत पोचता येतं.

प्रश्न : दोडामार्गाकडच्या रानात मार्चमध्ये मुलांना न्यायचंय. गोचिडांचं काय करावं?
— एक वाचक, पणजी

उत्तर : काळजी घ्यायलाच हवी. सिंधुदुर्गाच्या त्या पट्ट्यात आणि गोव्याच्या सत्तरीत गोचीड चावल्याने होणाऱ्या माकडतापाचे रुग्ण सापडलेले आहेत, आणि हिवाळा ते उन्हाळा हाच गोचिडांचा हंगाम. फिकट रंगाची पूर्ण विजार घाला, तिची टोकं मोज्यात खोचा. फिकट कापडावर काळा ठिपका चालताना लगेच दिसतो. पाचोळ्यावर बसकण मारू नका, सतरंजी अंथरा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता जवळच्या आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवा.

घरी आल्याबरोबर कपडे गरम पाण्यात टाका आणि मुलांना आंघोळ घालताना कानामागे, काखेत, जांघेत, गुडघ्यामागे आणि केसांत हात फिरवून बघा. अंगावरची गोचीड तिळाएवढी, कधी त्याहूनही बारीक असते. चिकटलेली असेल तर बारीक चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून सरळ, सावकाश ओढा. तेल, रॉकेल, पेटती काडी यांतलं काही लावू नका, आणि बोटांनी चिरडू तर मुळीच नका. जागा साबणाने धुवा आणि तारीख लिहून ठेवा. पुढच्या आठ-दहा दिवसांत थंडी वाजून ताप, डोकेदुखी, अंगदुखी झाली तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा : कुठल्या रानात गेलो होतो आणि कधी.