१३ पैकी १३ सामने जिंकूनही फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचा फुटबॉल संघ २०२३ मध्ये प्लेऑफबाहेर, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीबाहेर, कसा राहिला? आणि मग त्या हंगामाला यशस्वी म्हणायचं का?

पहिल्या प्रश्नाचं थोडक्यात उत्तर: त्यांचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा मुख्य खेळाडू) जॉर्डन ट्रॅव्हिस नोव्हेंबरमध्ये जायबंदी झाला, आणि त्याच्याशिवाय हा संघ देशातल्या पहिल्या चारांत बसत नाही असं निवड समितीने ठरवलं. माझ्या मते तो निर्णय चुकीचा होता. दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर ठाम ‘हो’ आहे. का, ते जरा सविस्तर सांगतो, कारण नुसत्या निकालांच्या यादीतून हे कळत नाही.

हा खेळ न पाहिलेल्यांसाठी आधी थोडी पार्श्वभूमी. इथे फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून खेळायचं अमेरिकन फुटबॉल. २०२३ मध्ये कॉलेजांच्या वरच्या गटात १३३ संघ होते आणि नियमित हंगामात प्रत्येकाला मिळतात फक्त १२ सामने. धडकाधडकीचा खेळ असल्यामुळे आठवड्याला एकापेक्षा जास्त सामना शक्यच नसतो. त्यामुळे सगळे सगळ्यांशी खेळलेत, गुणतक्ता तयार आहे, वरचे चार पुढे गेले, असं इथे होऊच शकत नाही. संघ कॉन्फरन्समध्ये विभागलेले असतात, कॉन्फरन्सचा विजेता मैदानावर ठरतो, पण राष्ट्रीय विजेतेपदासाठी कोण खेळणार हे १३ जणांची समिती ठरवत असे. २०१४ च्या हंगामापासून २०२३ पर्यंत अशा फक्त चार जागा होत्या.

आता फ्लोरिडा स्टेट. टॅलाहासीच्या या विद्यापीठाला फुटबॉलचा मोठा वारसा आहे. बॉबी बाउडन प्रशिक्षक असताना १९८७ ते २००० अशी सलग १४ वर्षं हा संघ हंगामाअखेर देशातल्या पहिल्या पाचांत होता. राष्ट्रीय विजेतेपदं तीन: १९९३, १९९९ आणि २०१३. पण त्यानंतर घसरण लागली. माइक नॉर्वेल प्रशिक्षक म्हणून आले तेव्हा पहिल्या वर्षी, २०२० मध्ये, ३ विजय आणि ६ पराभव. दुसऱ्या वर्षी सुरुवातीचे चारही सामने गेले. त्यातला एक खालच्या गटातल्या जॅक्सनव्हिल स्टेटविरुद्ध, स्वतःच्या मैदानावर, शेवटच्या चेंडूफेकीवर. तो पराभव पाहिलेल्या कुणालाही दोन वर्षांनी हाच संघ अपराजित राहील असं वाटलं नसतं.

नॉर्वेल यांनी दुसऱ्या कॉलेजांतून बदली होऊन येणाऱ्या खेळाडूंवर भर दिला. ट्रॅव्हिस आधीपासून होता, तोही मूळचा लुईव्हिलहून आलेला. बचाव फळीतला जॅरेड व्हर्स ऑल्बनीहून आला, चेंडू घेऊन पळणारा ट्रे बेन्सन ओरेगॉनहून, ब्रेडन फिस्क वेस्टर्न मिशिगनहून आणि झेल घेणारा कीऑन कोलमन मिशिगन स्टेटहून. अशी वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेली मुलं एकजीव होतात की नाही ही खरी परीक्षा होती. २०२२ मध्ये १० विजय मिळाले तेव्हा काहीतरी जमून येतंय हे दिसायला लागलं.

२०२३ ची सुरुवात ऑरलँडोत एलएसयू (लुइझियाना स्टेट) विरुद्ध ४५-२४ अशी झाली. पण हंगामाचा पाया घातला तो क्लेमसनमध्ये. क्लेमसनने त्याआधी फ्लोरिडा स्टेटला सलग सात वेळा हरवलं होतं. त्या दिवशीही २४-१७ अशी आघाडी घेऊन ते पुढे निघाले होते. तेवढ्यात केलन डिलोचने क्लेमसनच्या क्वार्टरबॅकवर झडप घातली, चेंडू निसटला, तो डिलोचने स्वतःच उचलला आणि ५६ यार्ड पळत जाऊन टचडाउन केला, म्हणजे चेंडू समोरच्या टोकाच्या पट्ट्यात नेऊन सहा गुण मिळवले. शेवटी क्लेमसनचा सोपा फील्ड गोल (खांबांमधून चेंडू लाथेने मारून मिळणारे तीन गुण) चुकला आणि ओव्हरटाइममध्ये ट्रॅव्हिसने कोलमनला दिलेल्या पासवर ३१-२४ असा विजय मिळाला. नशिबाची साथ होती, हे मान्य. पण नशीब फिरलं तेव्हा त्याचा फायदा घ्यायला मैदानावर हाच संघ हजर होता. मधले सामने त्यांनी बहुतेक आरामात जिंकले. मायामीने मात्र घाम काढला: २७-२०.

मग १८ नोव्हेंबर. नॉर्थ अलाबामा हा खालच्या गटातला प्रतिस्पर्धी. पहिल्याच सत्रात ट्रॅव्हिसच्या पायाला गंभीर दुखापत झाली आणि त्याचं कॉलेजमधलं फुटबॉल तिथेच संपलं. संघ ०-१३ ने मागे पडला आणि मग सलग ५८ गुण काढून जिंकला. पुढच्या आठवड्यात फ्लोरिडा विद्यापीठ या वेगळ्या संघाच्या मैदानावर दुसरा क्वार्टरबॅक टेट रोडमेकर खेळला. तिथे ०-१२ वरून २४-१५. त्या सामन्यात रोडमेकरच्या डोक्याला मार बसला, म्हणून कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात लुईव्हिलविरुद्ध तिसऱ्या क्रमांकाचा, पहिल्या वर्षाचा ब्रॉक ग्लेन उतरला.

सगळा वाद या सामन्यावरून झाला, म्हणून इथे थांबतो. निकाल १६-६. ग्लेनच्या पासवर अख्ख्या सामन्यात फक्त ५५ यार्ड मिळाले. टीकाकारांनी हाच आकडा धरला: बघा, क्वार्टरबॅक नाही तर आक्रमण नाही. पण दुसरी बाजू बघा. लुईव्हिल हा क्रमवारीतला संघ, आणि त्याला एकही टचडाउन करता आला नाही. फिस्क आणि व्हर्स यांनी समोरच्या क्वार्टरबॅकला धड उभंही राहू दिलं नाही. चेंडू फेकता येत नाही म्हटल्यावर लॉरेन्स टोफिलीच्या हाती थेट चेंडू देऊन त्याला पळवायचं, अशी चाल प्रशिक्षकांनी काढली आणि ती चालली. संघाने काय गमावलंय ते ओळखून उरलेल्या बळावर कसं जिंकायचं, याचं याहून चांगलं उदाहरण मी या खेळात पाहिलेलं नाही. माझ्या लेखी तो त्यांचा हंगामातला सर्वांत मोठा विजय आहे, आणि नेमका तोच त्यांच्या विरोधात वापरला गेला.

दुसऱ्या दिवशी, ३ डिसेंबरला, यादी आली: मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सास, अलाबामा. फ्लोरिडा स्टेट पाचवी. तोवर पाच बड्या कॉन्फरन्सपैकी एकीचा अपराजित विजेता कधीच बाहेर राहिला नव्हता.

समितीची बाजूही समजून घ्यायला हवी. अलाबामाने आदल्या दिवशी जॉर्जियाला २७-२४ असं हरवलं होतं आणि त्याआधी जॉर्जिया सलग २९ सामने जिंकली होती. टेक्सासने सप्टेंबरमध्ये अलाबामाला त्यांच्याच घरी हरवलं होतं, त्यामुळे अलाबामाला घ्यायचं तर टेक्सासला वगळता येत नव्हतं. जागा चार, दावेदार पाच. शिवाय महत्त्वाचा खेळाडू उपलब्ध नसेल तर पुढच्या कामगिरीवर होणारा परिणाम विचारात घेता येईल, असं समितीच्या नियमांत लिहिलेलंच होतं. म्हणजे नियमाबाहेर काही झालं नाही.

तरीही मला ते पटत नाही. त्याच समितीने २८ नोव्हेंबरला, ट्रॅव्हिसची दुखापत माहीत असताना, फ्लोरिडा स्टेटला चौथं ठेवलं होतं आणि अलाबामाला आठवं. त्यानंतर फ्लोरिडा स्टेटने एकच सामना खेळला, आणि तो जिंकला. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर साखळीत एकही सामना न हरलेल्या संघाला, त्याचा मुख्य फलंदाज जखमी आहे म्हणून, उपांत्य फेरीत येऊच न देण्यासारखं हे झालं. तो हरला असता कदाचित. पण ते मैदानावर ठरायला हवं होतं. त्या मुलांनी हंगामभर जे करून दाखवलं त्यापेक्षा पुढे काय होईल याचा अंदाज वजनदार ठरला, याचं मला आजही वाईट वाटतं. स्वतः ट्रॅव्हिसने जाहीरपणे लिहिलं की आपला पाय आधीच मोडला असता तर बरं झालं असतं, म्हणजे हा संघ एका खेळाडूपेक्षा मोठा आहे हे सगळ्यांना दिसलं असतं. एका विद्यार्थ्यावर असं म्हणायची वेळ यावी, याहून वाईट काय.

पुढचं तुम्ही ऐकलं असेलच. ऑरेंज बोलमध्ये (हंगामाअखेरच्या खास ‘बोल’ सामन्यांपैकी एक) जॉर्जियाने त्यांना ६३-३ असं चिरडलं. ६० गुणांचा फरक बोल सामन्यांच्या इतिहासात सर्वांत मोठा. बघा, समितीचंच बरोबर होतं, असं अनेक जण या निकालावरून म्हणतात. हा युक्तिवाद मला मान्य नाही. कोलमन, व्हर्स, बेन्सन यांच्यासह दोन डझनांहून अधिक खेळाडू त्या सामन्यात नव्हते. काही जायबंदी, काही दुसऱ्या कॉलेजांत निघालेले, काहींनी व्यावसायिक संघांच्या खेळाडू निवडीआधी धोका पत्करला नाही. विजेतेपदाची संधी समोर असती तर यातले बरेच जण उतरले असते. एप्रिलमध्ये एनएफएलच्या (व्यावसायिक लीगच्या) संघांनी या एका संघातून १० खेळाडू निवडले, त्यावरून ताकदीची कल्पना येईल. २०२४ मध्ये संघ २-१० असा कोसळला, पण तो वेगळाच संघ होता.

२०२४ पासून प्लेऑफमध्ये १२ संघ आले आणि क्रमवारीत सर्वांत वर असलेल्या पाच कॉन्फरन्स विजेत्यांना जागा राखून ठेवली गेली. १२ संघांचा बदल आधीच ठरलेला होता, फ्लोरिडा स्टेटमुळे झाला नाही. पण एक वर्ष आधी लागू असता तर तुमचा प्रश्नच उद्भवला नसता.

सामने पाहणार असाल तर दोनच सुचवतो. पहिला क्लेमसनचा. दुसरा लुईव्हिलचा, पण तो पाहताना चेंडूकडे कमी आणि फ्लोरिडा स्टेटच्या बचावाच्या पहिल्या रांगेकडे जास्त लक्ष ठेवा.