घरी सँडिंग बेल्ट बनवताना: आधी जोड नीट समजून घ्या

सँडिंग बेल्ट म्हणजे लाकूड घासणाऱ्या मशीनच्या रोलरवर फिरणारा सँडपेपरचा अखंड पट्टा. पहिलाच बेल्ट बनवताय, तर सँडपेपरचा रोल कापडी पाठीचाच घ्या. साधा कागदी पाठीचा ताण आणि वळण नीट सोसत नाही, जोडाजवळ फाटू शकतो. लांबीसाठी जुना बेल्ट कापून सपाट अंथरा आणि मोजा. तो नसेल तर ताण देणारा रोलर मधल्या जागी ठेवून दोन्ही रोलरभोवती न ताणणारी पट्टी फिरवा.

खरी मेहनत जोडाची. टोकं सरळ आडवी कापू नका, तिरकी कापा, म्हणजे जोड रोलरवरून एकदम न जाता हळूहळू सरकतो आणि धक्के बसत नाहीत. दोन्ही काप अगदी समांतर हवेत. माझ्या पहिल्या बेल्टचा काप जेमतेम दोन मिलिमीटरने चुकला होता. एक कड लांब झाली आणि ट्रॅकिंगचा नॉब (बेल्ट रोलरच्या मधोमध ठेवणारा) कितीही फिरवला तरी बेल्ट एका बाजूला पळायचा.

टोकं एकावर एक चढवू नका, तिथे उंचवटा येतो आणि लाकडावर ठरावीक अंतराने खुणा उमटतात. टोकाला टोक भिडवा, मागून पातळ पॉलिएस्टरची जोडपट्टी पॉलियुरेथेन गोंदाने चिकटवा. मेणकागद ठेवून दोन सपाट फळ्यांमध्ये क्लॅम्प करा आणि पूर्ण 24 तास हात लावू नका. झटपट सुकणारा सुपरग्लू इथे नको. तो कडक होतो आणि वळणावर तडकतो.

पहिल्यांदा बेल्ट हाताने फिरवून बघा. मग गॉगल लावा, बेल्टच्या रेषेतून बाजूला उभे राहा आणि मशीन मिनिटभर रिकामं चालवा.