यू०१२१ कोड येतोय, एबीएस मॉड्यूल बदलावं का?

तुम्ही लिहिलंय की गाडी खड्ड्यातून गेली की एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आणि स्टिअरिंगचे दिवे लागतात, स्पीडोमीटरचा काटा शून्यावर येतो आणि गाडी बंद करून पुन्हा चालू केली की सगळं ठीक होतं. स्कॅनर यू०१२१ दाखवतो, म्हणून मेकॅनिक एबीएस मॉड्यूल (त्याचा इलेक्ट्रॉनिक कंट्रोल बॉक्स) बदलायला सांगतोय.

एवढ्यावरून मॉड्यूल बदलू नका. दणका बसला की येणारा आणि आपोआप जाणारा दोष बहुतेक वेळा तारेत, पिनेत किंवा अर्थिंगमध्ये असतो. दोष सापडेपर्यंत गाडी जपून चालवा: एबीएस बंद पडलं तरी साधा ब्रेक लागतो, पण जोरात दाबल्यावर चाकं लॉक होऊ शकतात. सोबत ब्रेकचा लाल दिवाही लागत असेल तर गाडी चालवूच नका.

यू०१२१ म्हणजे ‘एबीएसशी संपर्क तुटला’. ही तक्रार एबीएसची नाही, त्याचं ऐकणाऱ्यांची आहे. कॅन बसवर (मॉड्यूल्सना एकमेकांशी जोडणाऱ्या दोन तारांवर) प्रत्येक मॉड्यूल ठरावीक वेळाने आपली माहिती टाकतं, बाकीची ती उचलतात. एबीएसकडून येणारा वेग ठरल्या वेळात आला नाही की इंजिनाचा ईसीयू (इंजिनाचं मॉड्यूल), स्टिअरिंग, डॅशबोर्डचं मीटर सगळे हा कोड नोंदवतात. एबीएस गप्प का झालं, हे त्यांना कळत नाही.

म्हणून कोड पुसण्याआधी गाडीतल्या सगळ्या मॉड्यूल्सचे कोड वाचा आणि कोणत्या मॉड्यूलमध्ये कोणता कोड आहे ते कागदावर लिहून घ्या. आता एबीएसच्या स्वतःच्या मेमरीत काय आहे ते पाहा. तिथे यू०१०० (इंजिनाशी संपर्क तुटला), यू०१५५ (मीटरशी संपर्क तुटला) असे कोड असतील तर त्या क्षणी एबीएस जागं होतं, त्याला सप्लाय होता, फक्त बाकीच्यांचं ऐकू येत नव्हतं. म्हणजे दोष कॅनच्या तारांकडे. उलट एबीएसच्या मेमरीत काहीच नसेल, किंवा सप्लाय व्होल्टेज कमी झाल्याचा कोड असेल, तर त्याचा सप्लाय किंवा अर्थिंग तुटत असण्याची शक्यता जास्त, कारण वीज गेलेलं मॉड्यूल काही लिहून ठेवू शकत नाही. या एका पाहणीने निम्मं काम होतं, आणि नेमकी हीच बहुतेक ठिकाणी वगळली जाते.

सप्लायचा संशय असेल तर ओममीटरवर विसंबू नका. जाड अर्थिंगच्या तारेचे बरेचसे धागे तुटले असले तरी मीटर ०.१ ओम दाखवतो आणि तार चांगली वाटते. पण एबीएसच्या पंपाची मोटर २० अँपिअर ओढायला लागली की त्याच ०.१ ओमवर २ व्होल्ट जातात. म्हणून व्होल्टेज ड्रॉप (वाटेत किती व्होल्ट जातात ते) मोजा. कनेक्टर जोडलेलाच ठेवा, मागच्या बाजूने बारीक पिन अर्थिंगच्या टर्मिनलपर्यंत सरकवा, मीटरचा दुसरा प्रोब थेट बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर ठेवा (क्लॅम्पवर नको, सैल क्लॅम्पचा दोष त्यात लपतो). इग्निशन चालू असताना ०.१ व्होल्टच्या आत हवं. मग गाडी उभी ठेवून स्कॅनरच्या ॲक्टिव्ह टेस्टने पंप फिरवा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर उडाला तर दोष सापडला. पॉझिटिव्हची बाजूही अशीच, बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबापासून फ्यूजमार्गे मोजा.

कॅनच्या तारा तपासायला ओबीडी सॉकेटची (स्कॅनर जोडतात ते सॉकेट) पिन ६ (कॅन-हाय) आणि पिन १४ (कॅन-लो) वापरा. मीटरचा जाड प्रोब सॉकेटमध्ये कोंबू नका. आतली पाकळी फाकते आणि नवा दोष तयार होतो. बॅटरीचा निगेटिव्ह काढून काही मिनिटं थांबा, मग दोन्ही पिनांमधला रेझिस्टन्स मोजा. बसच्या दोन टोकांना १२० ओमचे दोन रेझिस्टर असतात, म्हणून मीटरवर ६० च्या आसपास यायला हवं. १२० आले तर एका टोकाचा रेझिस्टर तुटला किंवा मधली मुख्य तार तुटली. ४० आले तर कुणीतरी तिसरा रेझिस्टर असलेलं काही जोडलंय. शून्याजवळ म्हणजे दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या.

मात्र ६० ओम आले म्हणून निर्धास्त होऊ नका. एबीएस मुख्य तारेच्या फांदीवर असेल तर ती फांदी पूर्ण तुटली तरी सॉकेटवर ६० च दिसतात. शिवाय ज्या गाड्यांत ओबीडी सॉकेट आणि आतली बस यांच्यामध्ये गेटवे (माहिती इकडून तिकडे पाठवणारं मॉड्यूल) असतो, तिथे सॉकेटवरचा आकडा आतल्या बसबद्दल काहीच सांगत नाही. वायरिंग डायग्राम पाहून एबीएसच्या कनेक्टरवरच मोजा.

बॅटरी जोडून इग्निशन चालू केल्यावर साध्या मीटरवर कॅन-हाय २.६-२.७ आणि कॅन-लो २.३-२.४ व्होल्टच्या आसपास दिसतं. दोन्हींची बेरीज ५ च्या जवळ. पण मीटर फक्त सरासरी दाखवतो, क्षणभराची तूट त्यात दिसत नाही. सेकंदाला ५०० किलोबिट वेगाच्या बसवर एक बिट २ मायक्रोसेकंदांचा असतो. तुमच्यासारख्या दोषासाठी दोन चॅनेलचा स्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र) हवा: एकावर हाय २.५ वरून ३.५ ला चढताना, दुसऱ्यावर लो २.५ वरून १.५ ला उतरताना, आरशातल्यासारखं दिसलं पाहिजे. स्कोप चालू ठेवा आणि हार्नेस (तारांचा जुडगा) हाताने हलवा, वाकवा, हळूच ओढा. एबीएस युनिटजवळचं वळण, बॅटरी ट्रेच्या खालचा भाग, हार्नेस पत्र्याला घासतो ती जागा आणि सीटखालचे कनेक्टर आधी बघा. एक चॅनेल सपाट झाला त्या क्षणी तुमचा हात जिथे असेल तिथे दोष आहे.

एबीएसचा कनेक्टर काढून भिंगाने पाहा. टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर दिसला तर पाणी शिरलंय, आणि ते बऱ्याचदा तारेच्या आतून झिरपत आलेलं असतं, म्हणून नुसतं पुसून भागत नाही. चकचकीत तांबा दिसेपर्यंत तार मागे कापावी लागते. त्याच मापाची सुटी मेल पिन प्रत्येक टर्मिनलमध्ये घालून काढून बघा. हाताला किंचित ओढ जाणवली पाहिजे. पिन सहज निसटली तर टर्मिनल फाकलंय आणि खड्ड्यात तेच सुटतंय. गाडीला नंतर बसवलेला जीपीएस ट्रॅकर, अलार्म किंवा स्टिरिओ असेल तर त्याने कॅनच्या तारेवर टॅप (मधेच जोड) घेतलाय का हेही बघून टाका.

जोड देताना दोन तारांचा पीळ शक्य तितका टिकवा, ५ सेंटीमीटरपेक्षा जास्त लांबी उलगडू नका आणि दोन जोड एकासमोर एक आणू नका. तारेचं इन्सुलेशन टोचून मोजू नका, त्याच भोकातून पाणी जातं.

सप्लाय आणि अर्थिंग लोडखाली नीट असेल, एबीएसच्या कनेक्टरवर बाकीच्यांचा सिग्नल स्वच्छ येत असेल आणि तरी हार्नेसला हात न लावता युनिटवर हलकी टकटक केल्यावर ते गप्प होत असेल, तर आतला सोल्डर तडकलाय. तेव्हाच मॉड्यूल दुरुस्तीला द्या किंवा बदला. बदलणार असाल तर त्या गाडीसाठी कोडिंग (नव्या मॉड्यूलमध्ये गाडीची माहिती भरणं) कोण करून देणार, आणि युनिट उघडलं तर ब्रेकच्या लाइनमधली हवा स्कॅनरने कशी काढणार, हे काम सुरू व्हायच्या आधी मेकॅनिकला विचारा.