घरी इंजेक्टर बदलून वाचणारे अडतीस हजार नेमके कुठून येतात?

कराड भागातून वाशीच्या घाऊक बाजारात भाजीपाला वाहून नेणारे एक वाचक लिहितात की, त्यांचा २०१८ सालचा चौदा फुटी, चार सिलिंडरचा ट्रक अलीकडे सकाळी सुरू होताना मिसिंग करतो (एखादा सिलिंडर नीट पेटत नाही), परतीच्या वाटेवर खंबाटकी चढताना काळा धूर सोडतो आणि लिटरला आठ किलोमीटरचे ॲव्हरेज सातवर आले आहे. गॅरेजने चारही इंजेक्टर, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग, नवे टाकायला सांगून ८१,००० रुपयांचे कोटेशन दिले आहे. तेच काम घराच्या अंगणात स्वतः केले तर ४३,००० रुपयांत उरकेल, असा त्यांचा हिशेब आहे. वडील नोझल (इंजेक्टरचे फवारणारे टोक) घरीच बदलत असत आणि पत्रलेखकाचाही हात पान्यावर बसलेला आहे. हाताशी १,१०,००० रुपयांची मुदत ठेव आहे, ती चार महिन्यांनी पुरी होईल. ट्रकचा २४,००० रुपयांचा हप्ता अजून चौदा महिने भरायचा आहे. घरीच काम करावे का, पैसा ठेव मोडून उभा करावा की सोने गहाण ठेवून, आणि पक्के बिल घेतले तर प्राप्तिकरात काही सुटेल का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

तुम्ही दोन्ही अंदाजपत्रके तपशिलासह पाठवलीत, हे फार बरे झाले, कारण उत्तर त्या तपशिलातच आहे. गॅरेजच्या कागदावर इंजेक्टर प्रत्येकी १६,००० प्रमाणे ६४,००० रुपये, उच्च दाबाचे पाइप, वॉशर आणि फिल्टर मिळून ८,००० रुपये, मजुरी आणि कोडिंगचे (इंजिनच्या संगणकात इंजेक्टरचे कोड भरण्याचे) ९,००० रुपये आहेत. तुमच्या कागदावर ऑनलाइन मिळणारे रिकंडिशन (जुने, दुरुस्त केलेले) इंजेक्टर प्रत्येकी ८,५०० प्रमाणे ३४,००० रुपये, वॉशर आणि फिल्टर २,५०० रुपये, इंजेक्टर ओढून काढायचा पुलर आणि ठरावीक जोराने आवळायचा टॉर्क पाना ६,५०० रुपये आहेत. फरक ३८,००० रुपयांचा आहे खरा. पण त्यातले ३०,००० रुपये स्वस्त माल घेतल्यामुळे आणि ५,५०० रुपये पाइप न बदलल्यामुळे वाचत आहेत. तुमच्या स्वतःच्या मेहनतीची बचत म्हणजे मजुरीचे ९,००० वजा हत्यारांचे ६,५००, अर्थात २,५०० रुपये. डिझेल आणि टोल वजा जाता दिवसाला सुमारे २,५०० रुपये हाती राहतात, असे तुम्हीच लिहिले आहे, तेव्हा घरी काम करताना गाडी गॅरेजपेक्षा एक दिवस जरी जास्त उभी राहिली, तरी ही बचत संपते. म्हणून घरी की गॅरेजमध्ये हा प्रश्न बाजूला ठेवून, चार इंजेक्टर खरोखर बदलायचे आहेत का आणि बदलायचे असतील तर कोणता माल घ्यायचा, या दोन प्रश्नांकडे मी तुमचे लक्ष वळवू इच्छितो.

वडिलांचा दाखला तुम्ही अभिमानाने दिला आहे आणि तो अभिमान रास्त आहे. त्या काळच्या पंपाला लोक अजूनही मायकोचा पंप म्हणतात. त्या इंजिनात नोझल दोनशे-अडीचशे बारच्या आसपास उघडत असे, हातपंपावर त्याची फवारणी डोळ्यांनी पाहता येई आणि मिसिंग कोणत्या सिलिंडरचे आहे ते ओळखण्यासाठी मिस्त्री चालू इंजिनवर एकेका पाइपचा नट ढिला करून पाहत. तुमच्या ट्रकच्या कॉमन रेल इंजिनात, म्हणजे जिथे रेल नावाच्या एकाच सामाईक नळीतून सगळ्या इंजेक्टरांना उच्च दाबाचे डिझेल मिळते, तिथे ही सवय जिवावर बेतू शकते. तुमच्या ट्रकच्या टायरमध्ये साधारण आठ बार हवा असते. या रेलमध्ये डिझेलचा दाब सोळाशे बारच्या घरात जातो. त्या दाबाची धार हातमोजा आणि कातडी भेदून आत शिरते, बाहेर टाचणी टोचल्याएवढा ठिपका दिसतो, आणि तरीही तातडीची शस्त्रक्रिया लागते. घरात कमावते तुम्ही एकटे आहात. हात महिनाभर बांधून बसावे लागले तर चोवीस हजारांचा हप्ता कोण भरणार, हा माझ्या दृष्टीने या व्यवहारातला सर्वांत मोठा आकडा आहे आणि तो तुमच्या कागदावर नाही.

दुसरी गोष्ट कोडिंगची. कॉमन रेलच्या बहुतेक इंजेक्टरांवर अक्षरे आणि अंकांचा एक कोड कोरलेला असतो, कारण एकाच साच्यातून निघालेले दोन इंजेक्टरही अगदी सारखे डिझेल सोडत नाहीत, आणि तो बारीकसा फरक इंजिनच्या संगणकाला त्या कोडवरून कळतो. स्कॅनर लावून कोड भरले नाहीत, तर नव्या इंजेक्टरवरही इंजिन खडखडते, धूर सोडते आणि ॲव्हरेज परत येत नाही. घरी काम केले तरी स्कॅनरवाल्याला बोलवावेच लागेल, म्हणजे वाचवलेल्या मजुरीचा एक भाग पुन्हा बाहेर जाईल.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या एका वाहनमालकांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेला इंजेक्टर माझ्या टेबलावर ठेवला होता. त्याच्या खालच्या अर्ध्या भागावर डांबरासारखा काळा, कडक थर चढला होता आणि नखाने तो निघत नव्हता. त्यांनी इंजेक्टर घरीच बसवले होते. जुने तांब्याचे वॉशर तीन जागी इंजेक्टरबरोबर वर आले, चौथे मात्र भोकाच्या तळाशी चिकटून राहिले आणि त्यांनी त्याच्यावरच नवे बसवले. बैठक घट्ट न बसल्यामुळे ज्वलनाचे वायू बाजूने वर येत राहिले, काजळी थिजत गेली, आणि तीन महिन्यांनी तो इंजेक्टर काढताना इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड, उतरवावे लागले. गाडी नऊ दिवस उभी होती. वॉशर काही रुपयांचे होते. पण त्या नऊ दिवसांत हप्ता चुकला, दंड लागला आणि क्रेडिट कार्डावर उचललेली रक्कम फेडायला त्यांना पुढचे सात महिने लागले. ते गृहस्थ कामात कच्चे नव्हते, भोकात उजेड पाडून आत पाहायचे तेवढे राहिले.

आता माल. रिकंडिशन इंजेक्टर सरसकट वाईट असतो असे मी म्हणणार नाही. ज्याच्याबरोबर चाचणी-यंत्राचा छापील अहवाल, नवा कोड आणि लेखी हमी मिळते, तो घेता येतो. परंतु तुम्ही पाठवलेल्या जाहिरातीत यातले काहीही नाही. ठिबकणारा इंजेक्टर पिस्टनच्या माथ्याला भोक पाडू शकतो, आणि ओघळलेले डिझेल तेलात मिसळले तर बेअरिंगही जातात. मग खर्च इंजेक्टरचा राहत नाही, इंजिन बांधण्याचा होतो, आणि झीज किंवा यांत्रिक बिघाड वाहन विम्यात बसत नसल्यामुळे तो सारा तुमच्याच खिशातून जातो. तीस हजार वाचवण्यासाठी एवढी जोखीम चौदा हप्ते बाकी असताना घ्यावी, असे मला वाटत नाही. बॉशचे इंजेक्टर आणि नोझल आपल्या नाशिकलाच बनतात, तेव्हा अस्सल मालासाठी अनोळखी ठिकाणी पैसे पाठवण्याची गरजही नाही.

मात्र गॅरेजचे ‘चारही टाका’ हेसुद्धा मी जसेच्या तसे स्वीकारणार नाही. तुमच्या पत्रात कोणत्याही चाचणीचा उल्लेख नाही. ॲव्हरेज आणि धूर यांचे कारण तुंबलेला एअर फिल्टर, टर्बोच्या नळीतली गळती किंवा खराब सेन्सरही असू शकतो. म्हणून आधी रिटर्न तपासून घ्या, म्हणजे प्रत्येक इंजेक्टरमधून परत जाणारे डिझेल वेगवेगळ्या बाटल्यांत घेऊन किती भरते ते पाहा. ज्याचे जास्त भरेल तो संशयित. त्यानंतर इंजेक्टर काढून डिझेल पंप-नोझल दुरुस्तीच्या चांगल्या दुकानात यंत्रावर लावून घ्या आणि प्रत्येकाचा छापील अहवाल मागा. एक किंवा दोन नापास झाले तर तेवढेच नवे घ्या, तीन नापास झाले तर चारही बदला, आणि चारही पास झाले तर एक रुपयाही इंजेक्टरवर घालू नका. चाचणीसाठी मी ३,००० रुपये धरतो. दोन इंजेक्टर निघाले तर खर्च ३२,००० अधिक पाइप-वॉशर-फिल्टरचे जास्तीत जास्त ८,००० अधिक मजुरी-कोडिंगचे ९,००० अधिक चाचणीचे ३,००० असा ५२,००० रुपये होतो. म्हणजे अस्सल माल आणि गॅरेजची हमी घेऊनही तुमच्या घरगुती हिशेबापेक्षा फक्त ९,००० जास्त.

थांबण्यालाही किंमत आहे, हे ध्यानात असू द्या. महिन्याला ४,००० किलोमीटर धावताना आठच्या ॲव्हरेजला ५०० लिटर लागतात, सातच्या ॲव्हरेजला ५७१ लिटर. डिझेल नव्वद रुपये धरले तर दरमहा सुमारे ६,४०० रुपये धुरात जातात. ॲव्हरेज पूर्ण परत आले तर ५२,००० रुपये आठ-सव्वाआठ महिन्यांत भरून निघतात. त्यामुळे ठेव पुरी होईपर्यंत चार महिने तसेच चालवणे म्हणजे पंचवीस हजार घालवणे, आणि तोपर्यंत इंजिन बरे राहील याचीही शाश्वती नाही.

पैशाची सोय ठेवीतूनच करा, पण ठेव मोडू नका. मुदतीआधी मोडल्यास बँका सहसा अर्धा ते एक टक्का व्याज कापतात आणि उरलेली रक्कम हातात आली की ती खर्च होऊन जाते, हा माझा अनेक घरांतला अनुभव आहे. ठेवीवर कर्ज साधारणपणे तिच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त व्याजाने मिळते. ५२,००० रुपयांवर चार महिन्यांसाठी दोन टक्क्यांचा हा फरक साडेतीनशे रुपयांच्या आत राहतो. शिवाय उरलेली ठेव अडीअडचणीला शिल्लक राहते. सोन्याला हात लावण्याची वेळ आलेलीच नाही. काम झाल्यावर डिझेलचे जे पैसे वाचतील, ते दरमहा आधी या कर्जात भरा. कर्ज फिटल्यावर तीच रक्कम आवर्ती ठेवीत गाडीच्या नावाने ठेवत जा, कारण पुढे टायर आणि क्लच येणारच आहेत.

करासंबंधी थोडक्यात सांगतो. तुम्ही अनुमानित उत्पन्नाच्या पद्धतीने विवरण भरता. १९६१ च्या कायद्यात हे कलम ४४ एई होते. त्यात बारा टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीला दरमहा ७,५०० रुपये उत्पन्न धरले जाते आणि दुरुस्तीचा खर्च वेगळा वजा होत नाही. जीएसटी नोंदणी नसल्यामुळे सुट्या भागांवरचा कर वजावटीतही मिळणार नाही. तरीही पक्के बिल घ्याच, त्यावर इंजेक्टरचे क्रमांक लिहून घ्या, कारण हमी त्याच कागदावर चालते.

तुमच्या हातांना करण्यासारखे काम मात्र भरपूर आहे आणि त्यात खरी बचत आहे. टाकी उतरवून धुणे, पाण्याच्या सापळ्यात (डिझेलमधले पाणी जिथे साठते तिथे) जमलेले पाणी दर आठवड्याला सोडणे, डिझेल फिल्टर वेळेवर बदलणे हे सगळे अंगणात होण्यासारखे आहे, आणि टाकीतला गाळ व पाणी तसेच राहिले तर नवे इंजेक्टरही जुन्यांच्या वाटेने जातील. येत्या रविवारी फिल्टर काढाल तेव्हा त्यातले डिझेल पांढऱ्या कपड्यावर ओता आणि उन्हात धरून पाहा. चकाकणारी धातूची पूड दिसली तर उच्च दाबाचा पंप आतून झिजत असण्याची दाट शक्यता आहे. अशा वेळी एकही इंजेक्टर विकत घेऊ नका, आधी पंप तपासून घ्या आणि ते कोटेशन मला पाठवा, कारण मग वरचा सगळा हिशेब नव्याने मांडावा लागेल.