डिसेंबर परत कर

प्रिय मावशी,

मी मिरजेचा, वय 33. आमच्या घरात चार पिढ्या सतारी-तानपुरे घडवतायत. मी मात्र नऊ वर्षं मुंबईच्या एका रॉक बँडबरोबर गिटार टेक्निशियन म्हणून फिरतोय. तारा, सेटअप, ॲम्प, पेडलबोर्ड, म्हणजे स्टेजवरची सगळी बॅकलाइन, सामान आत नेण्यापासून परत टेम्पोत चढेपर्यंत. क्रू चारच जणांचा, त्यामुळे स्टेज मॅनेजरही मीच आणि टेम्पोवाल्याशी भांडणाराही मीच. ऑक्टोबर ते मार्च, महिन्यातले सात-आठ दिवस घरी मिळाले तर नशीब. पावसाळाभर मात्र घरीच. बायको इथल्याच एका हॉस्पिटलात नर्स, मुलगी चार वर्षांची, अम्मी-अब्बा आमच्यासोबत.

दौऱ्यावरून आलो की दोन दिवस झोपतो. मग करमत नाही, चिडचिड होते. रात्री दोन वाजता टक्क जागा. कानात बारीक शिट्टी वाजत राहते, तिनेही झोप लागत नाही. गेल्या महिन्यात जेवताना मुलीने माझ्यासमोर आईला विचारलं, "अब्बा परत कधी जाणार?" घास उतरला नाही.

अब्बांची नजर कमी झालीय. "दुसऱ्याच्या तारा बदलत फिरतोस, घरच्या सतारींची जवारी कोण काढणार?" हे रोजचं. त्यात यंदा बँडला युरोपातले फेस्टिव्हल मिळालेत, जूनच्या मध्यापासून सहा आठवडे. बायकोला विचारलं, तर डबा भरता भरता ती "जा" म्हणाली, मान वर न करता. जाऊ, की हे सगळं सोडून दुकानात बसू?

बॅकलाइनवाला, मिरज

*

बॅकलाइनवाल्या,

तुला तू म्हणते, माझा मुलगा तुझ्याच वयाचा आहे.

माझे वडील लाइटवाले होते, व्यावसायिक नाटकांत. डिमरच्या पेटीशी उभं राहून त्यांनी उभं आयुष्य दुसऱ्यांच्या तोंडावर उजेड पाडला. कोकण, गोवा, विदर्भ, असे महिनामहिन्याचे दौरे. सेट बसच्या टपावर, नटमंडळी पुढच्या सीटांवर आणि बॅकस्टेजची माणसं अगदी मागच्या बाकावर, जिथे खड्डा सगळ्यात आधी मणक्याला कळतो. पगार नाही, नाइट, म्हणजे प्रयोगामागे पैसे. प्रयोग झाला तर नाइट, रद्द झाला तर चहा. एका निर्मात्याने तर अकरा नाइट बुडवल्या. त्या वर्षी माझ्या शाळेची फी आजोळहून आली. तेव्हा तुझं जग मला अगदीच परकं आहे असं समजू नकोस. केबलची वेटोळी कोपरावर गुंडाळणाऱ्या पोराला बाबा थोबाडीत मारायचे. तूही मारत असशील. एक वेटोळं सुलटं, एक उलटं, हे मला दहाव्या वर्षी येत होतं.

आता तुझ्या झोपेबद्दल. दहाला आवाज बंद झाला की पब्लिक घरी जातं, आणि तुमचा खरा दिवस तिथून सुरू होतो. केसेस मोजायच्या, टेम्पो भरायचा, पहाटेचं विमान गाठायचं, पॉवरबँक चेक-इनच्या बॅगेत गेली नाही ना हे पाहायचं, काउंटरवरच्या मुलीशी जादा वजनावरून हुज्जत घालायची. आज पवईच्या कॉलेज फेस्टिव्हलला, परवा नागालँडात हॉर्नबिल फेस्टिव्हलच्या गर्दीत. प्रत्येक मिनिटाला काम आणि प्रत्येक कामाला वेळ ठरलेली. गाण्याच्या मध्यात तार तुटली तर पुढच्या कडव्याआधी दुसरी गिटार, सुरात लावलेली, अंधारातून त्याच्या गळ्यात. असे महिने काढलेला माणूस घरी येतो, आणि घरात त्याच्यावाचून काहीच अडलेलं नसतं. दूध येतं, गॅस येतो, मुलीचा ताप उतरतो. तू नसताना चालावं असंच ते घर तुझ्या बायकोने बांधलंय. न बांधून सांगते कुणाला!

दोन दिवस झोपतोस ते झोप. गोव्याच्या दमट हवेतून कोहिमाच्या थंडीत नेलेली गिटार तू लगेच केसबाहेर काढत नाहीस ना? तासभर बंदच ठेवतोस, लाकूड हवेला रुळलं की मगच मानेतली सळई फिरवायची की नाही ते ठरवतोस. तुझंही लाकूडच आहे. तिसऱ्या दिवशी मात्र उठायचं.

आमच्याकडे तिसऱ्या दिवशी सकाळी आई बाबांच्या हातात रॉकेलचा डबा द्यायची. रेशनच्या दुकानासमोर दोन तासांची रांग. मला तिचा फार राग यायचा, दमून आलेल्या माणसाला रांगेत काय उभं करते म्हणून. एरवी तो डबा मीच आणायचे आणि मला जमायचंही. खूप वर्षांनी, बाबा गेल्यावर, मी तिला विचारलं. ती म्हणाली, "घरात पाहुण्यासारखे बसायचे गं. पाहुण्याला कोण ओरडणार आणि पाहुण्यावर कोण प्रेम करणार?" एवढंच बोलली आणि भाजी चिरायला बसली.

तुझ्या घरातला रॉकेलचा डबा कोणता ते शोध. मुलीला खेळणी आणणं नव्हे, ते पाहुणेही आणतात. कंटाळवाणं, रोजचं, न केल्यास कुणीतरी ओरडेल असं काम हवं. बायकोची नाइट ड्यूटी असते ना? मग ती सकाळी आल्यावर तिला झोपू देणं, मुलीचं खाणं-आंघोळ, दुपारपर्यंत घरात आवाज न होऊ देणं. आवाज बंद ठेवायचं काम तुला नवीनच असेल. बरं, एक विचारते. तुझ्या गिटारवादकाच्या तारांचा गेज, म्हणजे जाडी, तुला झोपेत पाठ असणार. बायकोची या महिन्याची ड्यूटी पाठ आहे का?

मुलीच्या प्रश्नाने घास अडला म्हणतोस. पोरगी 'तू मला नकोसा आहेस' असं नाही रे सांगत. चार वर्षांच्या मुलांना पाव्हणा मामा कधी जाणार, पाऊस कधी थांबणार, सगळंच विचारायचं असतं, कारण त्यांना काहीच आधी कळत नाही. तुझं येणं आणि जाणं दोन्ही तिच्यासाठी अचानक असतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहिता ना, त्याच चौकटींत तुझ्या जाण्याच्या दिवशी बस काढ, येण्याच्या दिवशी घर काढ. तिच्या हाताने काढून घे. आणि त्या दिवशी येच.

आता त्या "जा"कडे वळू. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा वाचताना महिने मोजले. ऑक्टोबर ते मार्च तू बँडचा. एप्रिल-मेमध्ये लग्नाकार्यांचा आणि उन्हाचा गोंधळ. तुझ्या बायकोच्या हक्काचे असे महिने उरतात ते पावसाळ्याचे. आपल्याकडे पाऊस पडला की मोकळ्या मैदानावरचे शो बंद, म्हणून तू घरी. आणि युरोपातल्या फेस्टिव्हलांचा हंगाम नेमका तेव्हाच असतो, जून ते ऑगस्ट. म्हणजे तू तिला विचारलंस ते "युरोपला जाऊ का" असं नव्हतं. "तुझे महिनेही देऊन टाकू का" असं होतं, फक्त ते तुला ऐकू आलं नाही. तिला आलं.

आणखी एक. मुलगी चार वर्षांची, म्हणजे येत्या जूनमध्ये तिची शाळा सुरू होत असणार. आपल्याकडे शाळा जूनच्या मध्याला उघडतात. तुझ्या पत्रात विमानाची तारीख आहे, शाळेची नाही.

तरी मी तुला जाऊ नको म्हणणार नाही. अशा हाका आपल्याकडच्या पोरांना आताशा येऊ लागल्यात. दिल्लीचा ब्लडीवूड हा मेटल बँड 2019 साली जर्मनीत वाकेनच्या फेस्टिव्हलला वाजला, तेव्हा त्या स्टेजमागेही कुणाच्या तरी घरची जेवणं थंड झाली असतील. नऊ वर्षं टेम्पोत बसलेल्या माणसाला नाइटलायनरच्या, म्हणजे झोपायच्या बसच्या, बंकमध्ये झोपून बघायचं असेल तर त्यात पाप नाही. (पाय गाडीच्या तोंडाकडे करून झोप. ब्रेक लागला तर डोकं आपटत नाही.) पण उधार घेतलेला पावसाळा फेडावा लागेल, आणि तो स्वस्तातल्या दिवसांनी फेडायचा नाही. फेब्रुवारीतला एखादा रिकामा आठवडा दिलास तर तिला तेही ऐकू येईल. डिसेंबर परत कर. हो, डिसेंबरच, कॉलेज फेस्टिव्हल, हॉर्नबिल, थर्टीफर्स्ट सगळं असलेला, तुझा सर्वांत कमाईचा महिना. निदान त्यातले वीस दिवस. त्यासाठी आत्तापासून एखादा पोरगा हाताखाली घे, त्याला गिटारी लावायला शिकव, आणि बँडला सांग की डिसेंबरात हा येईल. बँड कुरकुरेल. तू गेल्यावर आपलं अडतं असं वाटणं फार गोड असतं, ती गोडी थोडी सोडावी लागेल.

हे सगळं कागदावर मांड आणि मग बायकोला पुन्हा विचार. डबा भरताना नाही. नाइट ड्यूटीवरून आल्यावर तर मुळीच नाही. सुट्टीच्या दिवशी, कृष्णेच्या घाटावर नाही तर तुमच्या गच्चीवर, हातात मोबाइल न घेता. तेव्हा ती "नको" म्हणाली, तर तो नकार खरा आहे, आणि मग तू मला पुन्हा पत्र लिहू नयेस हे बरं.

बँडशीही बोलायचंय. सहा आठवड्यांत निम्मे दिवस प्रवासाचे आणि सुट्टीचे असतात. त्या दिवसांचे पैसे मिळणार का, रोजचा जेवणभत्ता किती, आजारी पडलास तर विमा कुणाचा, हे मेलवर लिहून घे. मैत्रीतलं तोंडी आश्वासन म्हणजे आमच्या त्या अकरा नाइट. सामानाची कार्नेटची, म्हणजे परदेशी कस्टम्सला दाखवायची, यादी तूच करशील, सीरियल नंबर टाकून, एकेक पेडल. तिथे जेवढा काटेकोर असशील तेवढाच स्वतःच्या मानधनाबाबत राहा.

अब्बांचं काय करायचं? तुझ्या पत्रात मला सगळ्यात आवडलेलं वाक्य त्यांचं आहे, त्यांनी ते रागाने म्हटलं असलं तरी. दुसऱ्याच्या तारा बदलतोस म्हणे! त्यांनी तरी जन्मभर कुणाच्या तारा लावल्या? सतार घडवणारा मैफलीत बसत नाही, आणि तानपुरा बसतो तो गवयाच्या मागे. दर्ग्याच्या उरुसाला खाँसाहेब अब्दुल करीम खाँच्या नावाने गाणी होतात, तेव्हा टाळ्या गवयाला, आणि तानपुरा बोलतोय की नाही याची काळजी तुमच्या गल्लीला. त्यांचा आणि तुझा धंदा एकच आहे. फरक असलाच तर गमतीचा. गिटारची तार पडद्याला घासून झणझणली तर तू तो दोष म्हणून काढतोस. अब्बा तारांखालच्या घोडीचा माथा केसाकेसाने घासून तीच झणझण आणतात, तिला जवारी म्हणतात आणि तिच्यासाठी लोक लांबून मिरजेला येतात. 2024 साली तुमच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. मानांकन घेऊन कानस मात्र चालवता येत नाही, त्याला हात लागतात.

तेव्हा दुकान की दौरा, असा सौदा आज करू नकोस. जे दिवस घरी असशील त्यांतले रोज दोन तास अब्बांच्या शेजारी बस. त्यांची नजर कमी झालीय, कान नाही. घासायचं तू, ऐकायचं त्यांनी. सळई फिरवायला शिकलेला हात घोडीवर बसायला वेळ लागेल, ते शिव्याही देतील. जवारी शिकायला किती वर्षं लागतात हे तू मला सांगावंस, मी तुला नाही. म्हणून तर आज सुरू कर म्हणते.

आणि या सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे जी तू अर्ध्या ओळीत लिहून पुढे गेलास. कानातली शिट्टी.

ती झोपेची तक्रार नाही, कानाची आहे. नायॉश या अमेरिकी संस्थेची शिफारस अशी की 85 डेसिबलच्या आवाजात दिवसाला फार तर आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. त्या हिशेबाने 100 डेसिबलला पंधरा मिनिटं. तू ड्रमच्या बाजूला किती वेळ उभा असतोस? नऊ वर्षं? गोंगाटाने कान आधी जातो तो 4,000 हर्ट्झच्या आसपास. बोलणं ऐकू येत राहतं, म्हणून माणसाला वाटतं सगळं ठीक आहे. पण जवारीची चमक ज्या वरच्या स्वरांवर असते, ते इथूनच विरळ व्हायला लागतात, आणि आतल्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. दुकानात आज बसलास काय किंवा पन्नाशीत बसलास काय, बसशील तो या कानांच्या जिवावर.

मिरजेत राहून कानाचा डॉक्टर सापडत नाही असं सांगू नकोस, तुमच्या गावात सतारींपेक्षा दवाखाने जास्त आहेत आणि घरात नर्स आहे. तिलाच विचार कुणाकडे जायचं ते. तुझ्यासाठी काहीतरी करायची पाळी तिच्यावर रोजच येते, पण तू विचारलेलं तिला आवडेल. ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची चाचणी, करून घे, कानाचा साचा देऊन इअरप्लग बनवून घे, आणि ते खिशात नाही, कानात घाल. चाचणीच्या आधी निदान सोळा तास कानांना शांतता हवी, नाहीतर आकडे खोटे वाईट येतात. शोच्या दुसऱ्या सकाळी घाईघाईने जाऊ नकोस. दोन दिवस झोप, तिसऱ्या दिवशी जा. जाताना मुलीला घेऊन जा, तिला ते मोठे हेडफोन बघायला आवडतील.

तुझी,
मावशी