वाचकांचे प्रश्न : वर्गात एका जागी न बसणारा विद्यार्थी

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीचा वर्ग शिकवतो. वर्गातील एक मुलगा तोंडी उत्तरे चटकन देतो, पण वहीत दोन ओळींपुढे जात नाही, सतत जागेवरून उठतो आणि प्रश्न संपण्याआधीच उत्तर ओरडून सांगतो. डॉक्टरांनी त्याला एडीएचडी (अवधान-कमतरता आणि अतिचंचलता) असल्याचे निदान केले आहे. घरचे मात्र म्हणतात, की मोबाईलवर तो तासभर खिळून बसतो, त्याअर्थी हा निव्वळ आळस आहे. ३८ मुलांच्या वर्गात मी त्याच्यासाठी काय करू, आणि त्याला सूट दिली तर इतरांवर अन्याय होणार नाही का?
– एक शिक्षक, सातारा जिल्हा

उत्तर : मोबाईलवरील खेळात बोट टेकवताक्षणी गुण, आवाज किंवा पुढची पायरी असे काहीतरी हाती लागते; वहीतल्या भागाकाराचे फळ मात्र उद्या वही तपासल्यावर मिळते. एडीएचडी असलेल्या मुलांना लक्ष देताच येत नाही असे नाही. रटाळ कामावर ते टिकवणे आणि मनात आलेली कृती क्षणभर रोखून धरणे त्यांना जड जाते. वर्गाचे नियम विचारल्यास हा मुलगा ते बहुधा घडाघडा म्हणून दाखवील. म्हणून तास संपल्यावर त्याला समोर उभे करून दिलेल्या उपदेशाचा फारसा उपयोग होत नाही, मदत काम चालू असतानाच व्हावी लागते.

भागाकाराची दहा उदाहरणे फळ्यावर एकदम न लिहिता त्याला तीनच उदाहरणांची चिठ्ठी द्यावी, ती सोडवून आपल्या टेबलापाशी आणून दाखवायला सांगावे आणि मग पुढची तीन द्यावीत. यात त्याला उठण्याची रीतसर संधी मिळते आणि कामाची पावतीही तिथल्या तिथे मिळते. नुसते ‘शाबास’ म्हणण्यापेक्षा ‘तिन्ही उदाहरणे पूर्ण करून मगच उठलास’ असे म्हटल्यास आपण कशासाठी कौतुक केले ते त्याला कळते. त्याची जागा पुढे, दार-खिडकीपासून दूर असावी. सूचना एका वेळी एकच द्यावी. वह्या वाटणे, फळा पुसणे ही कामे त्याच्याकडे सोपवावीत. काम अपुरे राहिले म्हणून खेळाचा तास किंवा मधली सुट्टी बंद करण्याची पद्धत अनेक शाळांत आहे, आणि या मुलांच्या बाबतीत तिच्याइतकी उलटी शिक्षा दुसरी नसेल. मारणे आणि चारचौघांत पाणउतारा करणे यांना तर शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नेच मनाई केली आहे.

अन्यायाची शंका रास्त आहे, परंतु इथे कमी होते ते एका वेळचे लेखन. भागाकार त्यालाही यावाच लागतो. शिवाय चिठ्ठीची पद्धत वर्गातील आणखी चार-पाच मुलांना लावून पाहिल्यास तीही खूश होतील.

औषधाचा निर्णय डॉक्टर आणि पालकांचा आहे, पण आपल्या नोंदींवाचून तो अपुरा राहतो, कारण डॉक्टरांना मूल वर्गात दिसत नाही. उदाहरणार्थ, एडीएचडीवर दिल्या जाणाऱ्या मेथिलफेनिडेट या औषधाच्या साध्या गोळीचा परिणाम साधारण चार तासांत ओसरतो. तेव्हा ‘सकाळी बरा असतो, मधल्या सुट्टीनंतर बिनसते’ एवढी नोंदही त्यांच्या उपयोगी पडते. ‘फार त्रास देतो’ या शेऱ्यातून त्यांना काहीच कळत नाही.

आपल्या पत्रातील एक गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. तोंडी तरबेज आणि लेखनात इतका मागे, ही तफावत केवळ एडीएचडीची असेल असे नाही. त्याच्या जोडीला अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली खास अडचण, असणे बरेचदा आढळते. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मधील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, एडीएचडीचा मात्र स्वतंत्र उल्लेख नाही, त्यामुळे पुढे परीक्षेतील सवलतींचा प्रश्न येईल तेव्हा हा फरक कळीचा ठरतो. गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकांशी बोलून त्याची ही तपासणी याच वर्षी करून घ्यावी, आणि जाताना त्याच्या लेखनाच्या वह्या सोबत न्याव्यात.