दुधाच्या पिशवीवर ‘३% फॅट’ लिहिलंय, म्हणजे ते जवळजवळ फॅट-फ्रीच ना?

नाही. हे ३ टक्के वजनाचे आहेत, आणि दुधाचं बहुतेक वजन पाण्याचं. पाण्यातून कॅलरी शून्य, पण टक्केवारीच्या छेदात ते बसलेलंच असतं.

टोन्ड दूध घ्या. १०० ग्रॅममध्ये साधारण ३ ग्रॅम फॅट, ३ ग्रॅम प्रोटीन आणि पावणेपाच ग्रॅम दुधाचीच साखर. फॅटच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी, बाकी दोन्हींच्या ग्रॅमला ४. म्हणजे २७, १२ आणि १९, एकूण ५८. त्यातल्या २७ एकट्या फॅटच्या, म्हणजे शेकडा ४६च्या वर! फुल क्रीमला (६% फॅट) हाच आकडा साठी ओलांडतो. म्हणून दूध बंद करा असं मी म्हणत नाही, मी स्वतः चहाला फुल क्रीमच वापरतो.

पाण्याचा हाच घोळ डाळीत उलटा होतो. आमच्या नेरूळच्या सोसायटीच्या ग्रुपवर अधूनमधून एक फॉरवर्ड येतो: अंड्यात १३% प्रोटीन, तूरडाळीत २२%, म्हणजे डाळच भारी. अहो, पण २२% त्या डाळीत, जी आपण वाशीच्या एपीएमसीतून आणून डब्यात भरतो. ती कोरडी कोण खातं? एका भागाला तीन भाग पाणी घालून शिजवली की वरणात उरतं साडेपाच टक्के. दीडशे ग्रॅमच्या वाटीत ८ ग्रॅम. अंडं मात्र उकडलं तरी १३च्या आसपासच राहतं. डाळ वाईट नाही, तुलनाच चुकीची आहे.

पाकिटावर आणखी एक टक्का असतो, ‘% आरडीए’. तो दिवसाच्या गरजेचा: २००० कॅलरी, ६७ ग्रॅम फॅट, २००० मिलिग्रॅम सोडियम असं धरून काढलेला, आणि तोही एका सर्व्हिंगपुरता, म्हणजे एका वेळी खायच्या भागापुरता. मला सगळ्यात कमी भरवसा याच आकड्यावर वाटतो, कारण सर्व्हिंग किती मोठं, ते कंपनी ठरवते. समजा चिवड्यात ३५% फॅट आहे आणि सर्व्हिंग ३० ग्रॅमचं. मग फॅट साडेदहा ग्रॅम, म्हणजे दिवसाच्या १६ टक्के. दिसायला बरं. पण २०० ग्रॅमचं पाकीट दोघांनी मिळून संपवलं, तर प्रत्येकाच्या पोटात ५२ टक्के गेले. पावसाळ्यात संध्याकाळी चहाबरोबर ३० ग्रॅमवर थांबणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

तेव्हा दुकानात दोन पाकिटं ताडून बघायची असतील, तर ‘प्रति १०० ग्रॅम’चा रकाना बघा, सर्व्हिंगचा सोडून द्या.